अकरा शर्टांच्या बाह्या

तीन वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, तुमच्याकडे निघाल्या आहेत. पार्सल फोडल्यावर तुम्ही विचाराल की आजीनं तुकडे असे विचित्र का कापले, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते. ते मी तसे कापलेले नाहीत. शर्टाची बाही उसवून सपाट केली की तशीच दिसते. तुमच्या आजोबांचे चौदा शर्ट या वाकळांसाठी काढून ठेवले होते आणि आता तिन्ही वाकळांत मिळून एकाही शर्टाची पाठ नाही, छाती नाही, खिसा नाही. नुसत्या बाह्या आहेत. असं का झालं ते लिहायला बसले आहे.

मी एकोणतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. हे तुम्हाला इंग्रजीत लिहून तुमच्या आईचं काम वाचवता आलं असतं. दोनदा सुरुवातही केली. पण इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो आणि मला तो सभ्य व्हायला नको आहे. आईकडून वाचून घ्या.

मागच्या खोलीतलं हिरवं लोखंडी कपाट तुम्हाला आठवत असेल. तुमच्यातला मधला त्यात लपायला गेला होता आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. ते माझं वाकळांच्या कापडाचं कपाट. सगळ्यात वरच्या फळीवर अख्खी लुगडी आणि सुती साड्या, वाकळेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला लागतात त्या. दुसऱ्या फळीवर तुकडे. ते रंगाप्रमाणे लावलेले नाहीत, झिजेप्रमाणे लावलेले आहेत. धड, विरलेलं, पार विरलेलं, अशा तीन थप्प्या. हल्ली व्हिडिओत बायका रंगाप्रमाणे लावलेली कपाटं दाखवतात. दिसायला छान असतात. पण घट्ट कापड विरलेल्या कापडाशेजारी शिवलं तर चार धुण्यांत घट्ट कापड दुसऱ्याला ओढून फाडतं. मग रंग चाटायचे का?

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे माझ्या नणंदेनं शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझी पहिली वाकळ तिनं सगळ्यांदेखत उसवली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"वैनी, यमे झालाय न्हवं तुमी? मग कंचं कापड म्हातारं आन कंचं तरणं, एवढं बोटाला कळंना व्हय?"

तेव्हापासून बोटाला कळतं. ती आमच्या घरातली सगळ्यात चांगली वाकळ शिवणारी, हे मी त्या दिवशीही नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. या सगळ्या प्रकरणात माझी पंचाईत तीच आहे.

तिसऱ्या फळीवर ओटीत आलेले ब्लाउजपीस. हे कापड शिवायच्या लायकीचं क्वचितच असतं. या घरातून त्या घरात फिरत राहतं. म्हणून प्रत्येकावर कोणाकडून आलं त्याची चिठ्ठी, नाहीतर ज्या बाईनं दिलं तिच्याच ओटीत परत जायचं. खालच्या फळीवर डबे आणि गाठोडी. ठेवण्याआधी प्रत्येक कापडातली खळ धुऊन काढायची, कारण खळीला कसर लागते. डांबरगोळ्या नाहीत, जुन्या मोज्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, सगळं गच्चीवर उन्हात आणि परत ठेवताना घडी बदलायची. एकाच घडीवर कापड वर्षानुवर्षं राहिलं की तिथंच चिरतं. आणि सगळ्याची नोंद एका लांब वहीत: काय आलं, कोणाचं, कुठल्या फळीवर आहे, कशात गेलं.

आजोबा या वहीवरून माझी चेष्टा करायचे. "मी गेलो की मलापण वहीत चढवशील. रकाना कुठला, तेवढं सांगून ठेव."

ते ओव्हरसियर होते. आयुष्यभर नकाशांच्या टेबलावर वाकून बसले आणि आयुष्यभर पूर्ण बाह्यांचेच शर्ट शिवून घेतले. टेबलाच्या कडेवर घासून कफ झिजायचे. आधी मी कफ उलटवून लावायची. उलटी बाजूही झिजली की बाही कोपराच्या वर कापून हाफ शर्ट करायची. तो पुढं आणखी पाच-सात वर्षं जायचा. कापलेल्या बाह्या मी धुऊन डब्यात ठेवायची. कफ वेगळे, कारण कफात कॅनव्हास असतो आणि तो वाकळेत टोचतो.

गेल्या वर्षी त्यांची तब्येत उतरली आणि शर्ट अंगावर लोंबायला लागले. तेव्हा त्यांनीच सांगितलं की आता यांच्या वाकळा कर, तिघांना तीन. खाटेवर बसून त्यांनी स्वतः चौदा शर्ट निवडले.

"हा थोरलीला. हा धाकट्याला, त्याला चौकडा आवडतो. हा नको, हा घालून मी विहिरीची मोजणी करताना विहिरीतच पडलो होतो."

"कोणाला काय कळणार आहे?"

"मला कळतंय की." मग निळा शर्ट हातात घेऊन म्हणाले, "याचा तुकडा तिघांच्याही वाकळेत पाहिजे. हा त्यांनी बघितलाय."

तुम्ही परत जाताना विमानतळावर त्यांनी तो घातला होता. धाकटा त्यांच्या बाहीला लोंबकळला होता, पण तेव्हा तो शर्ट हाफ झालेला होता, म्हणून बाही कमी आणि दंडच जास्त पकडला होता.

मी शर्ट धुतले, इस्त्री केले, एका मापाच्या घड्या घातल्या, त्यांच्याच स्वच्छ पांढऱ्या पंच्यात ठेवून चार गाठी मारल्या आणि वर यादी टाचली. खालच्या फळीवर उजवीकडे. कात्री लावली नाही. माणूस बघत असताना त्याच्या शर्टाला कात्री लावायची नव्हती. एवढीच माझी चूक. ही आणि ते गाठोडं इतकं नीट बांधलं, ही.

ते पौषात गेले. तेरा दिवस मला मधल्या खोलीत सतरंजीवर बसवलं होतं. मी इतकी शिकलेली, नोकरी केलेली, घराच्या किल्ल्या कमरेला लावणारी बाई, आणि तेरा दिवस मला माझ्याच स्वयंपाकघरात कोणी जाऊ दिलं नाही. "तुमी बसा." "तुमी उठू नगा." येणारी प्रत्येक बाई समोर बसून रडायची आणि मग माझ्याकडे बघायची, मी पुरेशी रडते का ते. मी भिंतीकडे बघत होते. माझ्या घरात कोण कुठलं कपाट उघडत होतं, मला माहीत नव्हतं.

सव्वा महिना झाल्यावर मी हिरवं कपाट उघडलं. खालच्या फळीवर उजवीकडे रिकामी जागा. धूळसुद्धा नाही, कारण तिथं गाठोडं होतं. मी आधी दुसऱ्या फळ्या बघितल्या. नंतर पलंगाखाली. स्वतःचीच लाज वाटली, कारण मी कधी काही दुसऱ्या जागी ठेवत नाही. मग नणंदेला फोन लावला.

"वन्सं, पंच्यात बांधलेलं एक गाठोडं होतं खालच्या फळीवर."

"व्हय की. तेराव्याला दिलं न्हवं."

"काय दिलं?"

"दादाची कापडं. आमच्या मळ्यात ऊसतोडीची टोळी उतरलीती. वाटून टाकली गड्यांना. लई आशीर्वाद दिला त्यांनी, वैनी."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग तिचाही आवाज चढला.

"आवो, तुमीच तर बांधून ठिवलं हुतं! धुतल्यालं, इस्त्री क्येल्यालं, पांढऱ्या पंच्यात. दान द्यायचं आसंच बांधत्यात की. आन मी इचारलं हुतं तुमास्नी. दारात हुबी ऱ्हाऊन इचारलं, वैनी, ह्ये द्यायचं न्हवं? तुमी मान हालवली."

मी मान हलवली का? मला आठवत नाही. गेले कित्येक महिने मी त्या मधल्या खोलीत परत परत जाऊन बसते आणि दार बघते. दारात बायका येतात, जातात. मी त्या दिवसांत सगळ्यांनाच मान हलवत होते. चहा घेणार का, मान. भटजी आले, मान. ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणून मला तिचा राग पुरता करता येत नाही आणि तो उरलेला राग कुठं ठेवायचा ते कळत नाही. यादी टाचलेली होती. वाचायची तरी. चौदा शर्टांची यादी दानाच्या गाठोड्यावर कोण टाचतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इचलकरंजीवरून जाणाऱ्या एसटीनं कुरुंदवाडला गेले. तिचं घर गावाबाहेर मळ्यात आहे. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "आई, जाऊ दे ना. इथं सुंदर क्विल्ट मिळतात, मी घेतो तिघांना." त्यालाही मी काय बोलले ते लिहीत नाही.

टोळी गेली होती. कारखान्याचा हंगाम संपला तसं दोन दिवसांपूर्वीच ट्रॅक्टर भरून गावाकडे गेली. नणंद पायरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं. मी तांब्या हातात धरून उभीच राहिले आणि समोर रानात नजर गेली. शाळूची ज्वारी भरात आली होती, आणि मधोमध तुमचे आजोबा उभे होते.

बुजगावणं होतं. चुन्याचे डोळे काढलेलं मडकं, आडवी काठी, पोटात कडबा, आणि अंगात तो निळा शर्ट.

जगात उरलेला त्यांचा एकुलता एक शर्ट पाखरं हाकलत होता. मी तांब्या ठेवला आणि ताटांतून सरळ आत शिरले. शाळूची पानं तोंडाला लागत होती. शर्ट तारेनं काठीला आवळला होता, त्यामुळे काखेत फाटला होता. खांद्यावर पाखरांची घाण. रंग उडून पांढुरका. मी तार सोडायला लागले.

मागून ती धापा टाकत आली. "वैनी, काढू नगा."

"का? कोणाचा आहे हा?"

"माझ्या भावाचा हाय."

"तुमच्या भावाला रानात टांगलं?"

"टांगलं कशाला? हुबा क्येलाय." ती रडत नव्हती, चिडली होती. "त्येवढा एकच मी दिला न्हाय कुणाला. सकाळी दारात आलो का हितं दिसतोय. वाटतंय, दादा आलाय रान बघाय. तुमी रोज बघत हुता त्येला. मी वर्सातनं दोनदा. आता मी रोज बघतोय."

माझा हात तारेवरच राहिला. कापड हातानं चाचपलं. बोटाला कळलं. उन्हानं जीर्ण झालं होतं, शेजारच्या कापडाशी शिवलं असतं तर तेच आधी गेलं असतं. मी स्वतःला सांगितलं की म्हणून सोडते आहे. जेवायला न थांबता परतीच्या एसटीत बसले. खिडकीतून ते बुजगावणं दिसत राहिलं आणि मला तिचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त तुमच्या आजोबांचा आला. विहिरीत पडलेल्या शर्टाची आठवण यांना, पण बहिणीला सांगून ठेवायचं सुचलं नाही.

घरी येऊन वही काढली. चौदा शर्ट कमी करायचे होते. पहिल्या शर्टावर लाल रेघ मारली आणि शेजारच्या रकान्यात माझंच अक्षर दिसलं: "बाह्या, एक जोड, डबा चार." दुसऱ्यापुढंही तेच. चौदापैकी अकरा शर्ट मी कधी ना कधी हाफ केले होते. अकरा शर्टांच्या बाह्या डबा चारमध्ये होत्या, जोडीनं पिन लावलेल्या.

डबा उघडला. मी त्या बाह्यांना आजवर उरलेले तुकडे समजत होते. आता उजेडात नेऊन बघितल्या तर रंग जसेच्या तसे. शर्टाचं अंग पुढं कैक वर्षं उन्हात, धुण्यात झिजत गेलं, बाह्या मात्र आधीच कापल्या गेल्या म्हणून वाचल्या. निळी जोडी तर इतकी निळी होती की मला आधी ओळखूच आली नाही. तो शर्ट नवा असताना असा होता. मी विसरले होते.

मग शिवायला बसले. पाडवा ते आषाढ. वरचं अंग आणि खालचं अंग माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या लुगड्यांचं, मधल्या थरात विरलेल्या साड्या, आणि वरच्या अंगावर बाह्या, एक रुंद बाजू वर, एक खाली, म्हणजे ओळ सरळ बसते. कडेकडून आत धावदोरा. निळी जोडी शेवटी ठेवली.

जेठात नणंद अंबाबाईच्या दर्शनाला आली आणि न सांगता घरी आली. आम्ही तोवर बोलत नव्हतो. तिनं देवीचा प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि बसता बसता पसरलेली वाकळ उलटून टाके बघितले. त्याबाबतीत तिला राहवत नाही.

"टाका मोठा पडलाय."

"तुमच्या नातवंडांसाठी नाही. माझ्यांसाठी आहे."

"माझीबी हाईत की." मग तिची नजर निळ्या बाह्यांवर गेली. तिनं एक उचलली, नाकाला लावली. तिला काय वास येणार, कडुनिंबाचा. "वैनी, ह्या मला द्या."

"का?"

"शाळू निघाला, आता मक्यात हुबा हाय तो. ऊन लई हाय. हात उघडं दिसत्यात त्येचं."

मी हसले असते तर बरं झालं असतं. मी किंचाळले. चौदा शर्ट गेले, तुम्हाला आता बाह्यापण हव्यात, त्यापण कडब्याला घालायला! माझी नातवंडं कापडाच्या हातभर तुकड्यावर आजोबा ओळखणार आहेत, आणि तुम्हाला काठीला ऊन लागतंय! ती उठली, पदर खोचला, चपला घातल्या. दारात वळून म्हणाली, "इचारलं. ह्या टायमाला नीट इचारलं. आता इचारलं न्हाई आसं तरी म्हणू नगा." आणि गेली.

त्याच दुपारी मी निळ्या बाह्यांना कात्री लावली. तीन तुकडे, तीन वाकळांना, डाव्या वरच्या कोपऱ्यात. त्यांनी सांगितलं होतं तसं. पांघराल तेव्हा तो कोपरा डोक्याशी घ्या.

वहीत निळ्या शर्टापुढं "तीन वाकळांत" असं लिहिलं. आणि खाली दुसरी ओळ रिकामी: "कफ, एक जोड, डबा पाच." कफ वाकळेत चालत नाहीत. कशातच चालत नाहीत. मी चार दिवस त्या रिकाम्या रकान्याकडे बघत होते. मग कफ पाकिटात घातले, गुंड्या लावलेल्या, आणि आत चिठ्ठी: जास्त झिजलेला उजव्या हाताचा, त्याला खूण म्हणून लाल दोऱ्याचा टाका घातला आहे. बाकी एक शब्द नाही. पाकीट तिच्या पत्त्यावर पाठवलं आणि रकान्यात "वन्सं" असं लिहिलं.

काल तिच्या सुनेनं फोनवर फोटो पाठवला. मक्यात तेच बुजगावणं, शर्टाच्या चिंध्या झालेल्या, आणि काठीच्या दोन्ही टोकांना सुतळीनं बांधलेले निळे कफ, गुंड्या लावून. शेजारी ती उभी, डोक्यावर पदर, फोटोसाठी सरळ झालेली. मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. लाल टाका डाव्या हाताला आहे. इतकं लिहून पाठवलं होतं, तरी उजवा कफ डाव्या हाताला. त्या माणसानं सगळे नकाशे उजव्या हातानं काढले.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं जाणार आहे. सुई आणि निळा दोरा पिशवीत टाकला आहे. सुतळी काढून शिवून येते.